करकोचेसाहेबांचा दुसरा पाय

एका जंगलात, म्हणजे बाळांनो, जंगल कसलं, समुद्रातलं जायफळाचं बेटच ते, तर तिथे एक अर्धीमुर्धी बातमी सुटली.

"साहेब उद्या दुसरा पाय टेकणार, कारण..." साहेबांचा खानसामा पोपट कुणाला तरी सांगत होता. व्हरांड्याखाली अंड्यांवर बसलेल्या रानकोंबडी सगुणाबाईंनी कान टवकारले. तेवढ्यात शेजारी धप्पकन नारळ पडला. कारण काही कळलं नाही.

पाय टेकण्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. सांगते.

साहेब म्हणजे वलंदेज, म्हणजे डच, करकोचे. देश लांबचा, निम्मा पाण्याखालचा. तिथल्या राणीने त्यांना आधी वकील करून दरबारोदरबारी धाडलं. जातील तिथे साहेब एका पायावर उभे. वाघ विचारायचा, "तुम्ही आमच्या बाजूचे की अस्वलाच्या?" साहेब म्हणायचे, "पाय वर आहे. टेकला की कळवतो." वाघ खूश, अस्वलही खूश. अशा बढत्या घेत घेत साहेब या बेटाचे गव्हर्नर झाले. बेटाला कुणी विचारलं नव्हतं. तशी पद्धतच नव्हती.

मग लढाई पेटली. तरसांनी साहेबांचा देश गिळला. राणी शेजारच्या राज्यात उडून गेली. आणि आता तरसांच्या होड्या बेटाकडे निघाल्या होत्या.

सगुणाबाईंची पंचाईत झाली. साहेब लढणार असतील तर बसून राहायचं. पळणार असतील तर अंडी घेऊन डोंगर गाठायचा. उगाच उठावं तर अंडी गार, न उठावं तर तरसांची न्याहारी.

"अगं, दुसरा पाय टेकणार म्हणजे लढणारच!" खारुताई म्हणाली.

"कशावरून? पळायलाही दोन पाय लागतात," सगुणाबाई म्हणाल्या.

सकाळी अख्खं बेट बंगल्यापुढे जमलं. साहेब पिसांची सरकारी टोपी घालून एका पायावर उभे. समुद्रात होड्या दिसायला लागल्या.

सगुणाबाई बसल्या जागेवरून ओरडल्या, "साहेब, एवढंच सांगा. बसू की उठू?"

"बाई, प्रश्न नाजूक आहे."

"नाजूक अंडी आहेत हो! प्रश्न सरळ आहे."

साहेबांनी डोळे मिटले. आणि काय सांगू, दुसरा पाय हळूहळू खाली यायला लागला! टेकला! पोपटाने बिगुल फुंकला. माकडं नाचली. खारुताईला रडू फुटलं.

मग साहेबांनी पहिला पाय वर घेतला.

"मुंग्या आल्या होत्या," ते म्हणाले. "पाय बदलला. धोरण तेच आहे."

म्हणजे बातमी खोटी नव्हती. फक्त अर्धीच खरी होती.

"मेल्या!" सगुणाबाई गव्हर्नरसाहेबांना म्हणाल्या. उडी मारून त्यांनी साहेबांची टोपी काढली आणि तिच्यात अंडी भरली. "खारे, बघत काय बसलीस? धर ती कड!" टोपी निघाली डोंगराकडे, मागून सगळं बेट. साहेबांना टोपी परत ओढता येईना. एका पायावर वाकलं की तोल जातो ना.

तरस किनाऱ्यावर उतरले. "लढतोस की शरण येतोस?"

"पाय वर आहे," साहेब म्हणाले.

तरसांनी त्यांना तसंच्या तसं उचलून कोठडीत ठेवलं. लढाई संपेपर्यंत साहेब तिथे उभेच.

मग तरस हरले आणि राणी परतली. तिने साहेबांच्या गळ्यात पदक घातलं. "सबंध लढाईत आमचे गव्हर्नर जागचे हलले नाहीत!"

सगुणाबाई पिल्लांची रांग घेऊन समारंभाला आल्या होत्या. त्यांनाही पुढे बोलावलं. सरकारी टोपीत पिल्लं काढल्याबद्दल समज दिली आणि परत पाठवलं.

तात्पर्य: बाळांनो, मोठेपणी पदक हवं असेल तर अंडी घालू नका. नुसते उभे राहा.