टॅग लावलेले सासरे

"आपल्या हातून निघालेली वस्तू हरवत नाही म्हणजे नाही!"

हे वाक्य पोचपावती उठता-बसता म्हणायचा, आणि वैताग असा की ते खरं होतं! पार्सल ऑफिसात तो सुपरवायझर होता. पोचपावती हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे, ऑफिसातल्यांनी ठेवलेलं. घरी बायकोच्या हातात पाण्याचा ग्लास दिला तरी ती "मिळाला" म्हणेपर्यंत हा ग्लास सोडायचा नाही. दोघांच्या ओढाओढीत निम्मं पाणी सतरंजीवर. आता अशा माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा!

ऑफिसात त्याचा एकच कायदा होता. टॅग लावलेली वस्तू कुठेही एकटी दिसली, की उचलायची, पत्ता वाचायचा आणि पोचवायची. मध्ये डोकं चालवायचं नाही. "डोकं चालवलं की पार्सल भलतीकडे जातं," असं तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावायचा. ड्रायव्हरला तर त्याने हे इतकं घोटवून घेतलं होतं की त्या बिचाऱ्याने ऑफिसात डोकं चालवणं कायमचं बंद केलं होतं.

एवढा वाघ, पण सासऱ्यांपुढे मांजर. सासरे नव्या इमारती तपासून पास-नापास करण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले. नोकरी सुटली, नजर सुटली नाही. कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर टिचकी मारायची आणि मग "पोकळ आहे" म्हणायचं. लग्नाआधी जावयालाही त्यांनी असंच वरपासून खालपर्यंत न्याहाळलं होतं. पोरं शाळेत जायला लागली, तरी जावई अजून पास झालेला नव्हता. "बाबांनी एकदा, फक्त एकदा, चारचौघांत मला बरं म्हणावं," एवढीच त्याची इच्छा. बायको म्हणायची, "अहो, सोडा ना! मलाही ते अजून बरं म्हणालेले नाहीत." पण हा सोडेल तर ना!

म्हणून सासरे राहायला आल्याबरोबर याने बेत आखला. रविवारी ट्रेक! शहरापासून थोडं लांब दोन जोडशिखरं होती, आणि त्यांच्या मागे एक जुनं देऊळ. कुणाला ठाऊक नाही, कुणी जात नाही. ऑफिसची गाडी, ऑफिसचा ड्रायव्हर, पार्सलं तोलायला बसणारा, म्हणून सगळे ज्याला वजनकाटा म्हणत तो, आणि खिडकीवर बसणाऱ्या काउंटरबाई. बायको म्हणाली, "मी येत नाही. मला माझा रविवार प्यारा आहे. पण बाबांना जसे नेताय तसे परत आणा. त्यांचे गुडघे जपा, आणि ते दुखताहेत का असं विचारू नका, त्यांना राग येतो."

"नीट आणीन! आपल्या हातून निघालेली वस्तू—"

"बाबा वस्तू नाहीत!"

हे तिने बजावलं, पण याच्या कानात शिरलं नाही. डोंगराच्या पायथ्याशी गाडीतून उतरल्याबरोबर याने खिशातून टॅगांचा गठ्ठा काढला. जेवणाच्या पिशव्यांना टॅग. पाण्याच्या कॅनला टॅग. सगळ्यांवर घरचा पत्ता, ठसठशीत अक्षरात. आणि मग, बोलायला लाज वाटते, सासऱ्यांच्या शर्टाच्या बटणालाही टॅग!

"हे काय?" सासरे गरजले. "मी काय खोका आहे?"

"बाबा, खबरदारी म्हणून. डोंगर आहे, चुकून पांगापांग झाली तर..."

"मी इमारतींच्या गच्च्या तपासत होतो तेव्हा तुम्ही रांगत होतात, जावईबापू!"

पण सासऱ्यांनी लेकीला शब्द दिला होता, भांडायचं नाही म्हणून. टॅग तसाच लटकत राहिला.

चढाई सुरू व्हायच्या आधीच बंद पडली, कारण वजनकाट्याने पिशव्या हातात घेऊन तोलायला सुरुवात केली. "साहेब, ही जड आहे. काउंटरबाईंना झेपायची नाही. यातलं त्यात टाकू या." त्यातलं यात, यातलं त्यात. सगळ्या पिशव्या झाडाखाली मांडल्या, वजनं सारखी केली, ड्रायव्हर गाडीत राहिला आणि बाकीचे सगळे समाधानाने चालू लागले. पिशव्या झाडाखालीच! त्याचं काय आहे, पार्सल ऑफिसात टॅग लागला आणि वजन झालं की आपलं काम संपतं. पुढे नेणारा दुसरा असतो. वजनकाट्याला वाटलं पोचपावतीने घेतल्या, पोचपावतीला वाटलं काउंटरबाईंनी, आणि काउंटरबाई जन्मात कधी खिडकीच्या पलीकडच्या मालाला हात लावत नाहीत.

वाट अरुंद होती. काउंटरबाईंनी "लाइनीत या, लाइनीत या" असा धोशा लावला. ढकलाढकली करणारं कुणीच नव्हतं, तरी त्यांचं चालूच. एका वळणावर एक म्हैस समोरून आली, तर तिलाही म्हणाल्या, "मागून या." सासरे वैतागले. "तुमच्या या चालीने देव म्हातारा होईल!" असं म्हणून ते पुढे सटकले, आणि बघता बघता वळणाआड दिसेनासे झाले.

"जाऊ द्या," पोचपावती ऐटीत म्हणाला. "टॅग आहे."

दोन शिखरांमधल्या खिंडीत पोचेपर्यंत तिघांच्याही पोटात कावळे ओरडायला लागले. पोचपावतीने हात पुढे केला. "काढा पिशवी."

"कुठली पिशवी?" वजनकाटा म्हणाला.

"जेवणाची!"

"ती तुम्ही घेतलीत ना?"

"मी? मी का घेईन? बाई, तुम्ही...?"

"माझ्याकडे नोंद नाही," काउंटरबाई म्हणाल्या.

पोचपावतीने कपाळावर हात मारून घेतला. एवढं सगळं मनुष्यबळ, आणि एक पिशवी वर येत नाही! पण खरा धक्का अजून बसायचाच होता. खिंडीत ना सासरे, ना सासऱ्यांची सावली. "बाबाऽऽ!" याने हाक मारली. समोरच्या कड्याने "बाबाऽऽ" म्हणून वेडावून दाखवलं. वजनकाट्यानेही "बाबाऽऽ" केलं. काउंटरबाईंनी "आजोबा, खिडकीवर या!" अशी हाक मारली आणि मग स्वतःच ओशाळल्या. फोनला रेंज नाही. याच्या डोळ्यांपुढे बायकोचा चेहरा आला.

तेवढ्यात वरून शेळ्या हाकत एक म्हातारी आली.

"मावशी, एक आजोबा बघितलेत? पांढरा शर्ट, हातात काठी, तोंडावर नापसंती?"

"बघितले की. पलीकडे, देवळाच्या पायरीवर बसले होते."

"होते? म्हणजे?"

"गाडी आली. एक माणूस उतरला. त्याने त्यांच्या छातीला हात घातला, दंडाला धरलं आणि गाडीत घालून नेलं. मी लांब होते बाबा, मला काय ठाऊक!"

"गाडी? इथे गाडी कशी येईल?"

"मागून डांबरी रस्ता आहे ना. थेट देवळापर्यंत. तुम्ही चढून कशाला आलात?"

भरदिवसा सासरे पळवले! वजनकाट्याने धीर द्यायचा प्रयत्न केला. "साहेब, घाबरू नका. त्यांना पळवून नेणारा तासाभरात स्वतःहून आणून सोडेल." काय हा धीर! देऊळ एका वळणापलीकडे होतं, पण आता देऊळ कुणाला सुचतंय? तिघेही उलट्या पावली खाली धावत सुटले. वजनकाटा दोनदा घसरला, पोचपावती गुडघ्यावर आपटला. काउंटरबाई पहिल्यांदाच लाइन मोडून सगळ्यांच्या पुढे पळत होत्या.

पायथ्याशी आले तर गाडी गायब, ड्रायव्हर गायब आणि पिशव्याही गायब! "त्यालाही पळवला!" पोचपावती मटकन खाली बसला. शेवटी एका विटांच्या ट्रकमध्ये, विटांवर बसून, तिघे जवळच्या पोलीस चौकीत पोचले.

"काय हरवलंय?" हवालदाराने विचारलं.

"सासरे."

"वर्णन?"

माणूस घाबरला की सवयीवर जातो. पोचपावती म्हणाला, "एक नग. वजन अंदाजे—"

"अडुसष्ट," वजनकाट्याने मागून सांगितलं. "काठी धरून."

"नाजूक आहे. आपटायचं नाही. आडवं ठेवलं तर तक्रार करतं."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "अहो, माणूस हरवलाय की कपाट?"

"माणूस! माझ्या बायकोचे वडील! साहेब, काहीही करा, पण ते सापडले पाहिजेत. त्यांना नीट आणतो म्हणून शब्द दिलाय हो मी!" असं म्हणताना पोचपावतीचा आवाज खरोखरच फुटला. आतापर्यंत सासरे म्हणजे त्याला न मिळालेली शाबासकी वाटत होती. आता त्याला नुसता तो काठी आपटत चालणारा म्हातारा आठवत होता.

"फोटो घरी आहे ना? घरी फोन लावा," हवालदार जरा मऊ होऊन म्हणाला.

तेच तर नको होतं! याने फोन लावला. "अगं... ऐक... घाबरू नकोस... बाबा..."

"बाबा ना? जेवले आणि आडवे झाले. उठवू का?"

"कु-कुठे?"

"घरी! आणखी कुठे? तुमच्या ड्रायव्हरने आणून दिले. माझी सही घेतली. पिशव्याही दिल्या. आता सोफ्यावर बसलाय, म्हणतो साहेबांचीही सही लागेल."

पोचपावतीने फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडेच बघत राहिला. झालं होतं एवढंच. झाडाखाली टॅग लावलेल्या पिशव्या एकट्या दिसल्या, ड्रायव्हरने उचलल्या. घराकडचा जवळचा रस्ता देवळावरून जात होता. तिथे पायरीवर टॅग लावलेले सासरे एकटे दिसले, तेही उचलले. सकाळी याच सासऱ्यांना त्याने गाडीतून आणलं होतं, पण डोकं चालवायचं नाही ना!

तिघे घरी पोचले ते विटांच्या धुळीने लाल होऊन. पोचपावती ड्रायव्हरवर तुटून पडणार, एवढ्यात आतून सासरे बाहेर आले. चेहरा चक्क हसरा!

"या जावईबापू, या!" ते म्हणाले. "आज मला बोलू द्या. माझे गुडघे सकाळपासून दुखत होते. मी कुणाला बोललो नाही. वर कसाबसा पोचलो, आणि आता उतरायचं कसं या विचाराने त्या पायरीवर बसून राहिलो. टॅग लावलात तेव्हा मनातल्या मनात तुम्हाला चार शिव्या घातल्या होत्या. पण तुम्ही पाठवलेली गाडी समोर येऊन उभी राहिली, आणि सगळं लक्षात आलं! न विचारता ओळखलंत, आणि माझा मानही राखलात. चारचौघांत सांगतो, माझी लेक योग्य घरात पडली. जावईबापू, तुम्ही पास!"

पोचपावतीला आभाळ ठेंगणं झालं. ड्रायव्हरने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर काउंटरबाईंनी त्याला कोपर मारलं. बायको नवऱ्याकडे रोखून बघत होती. तिला सगळं कळलं होतं, पण बाप हसताना बघून ती मूग गिळून गप्प राहिली.

"बाबा, त्यात काय एवढं! माझं कामच ते," पोचपावती विनयाने म्हणाला. तिथेच थांबायला हवं होतं.

"बरं, देऊळ कसं वाटलं? मी गेल्यावर तुम्ही पोचलाच असाल."

आता खरं बोलावं, तर सगळंच बाहेर येणार! याने घसा साफ केला. "वा! काय देऊळ, बाबा! ते छत! त्यावरची नक्षी! मान दुखली वर बघून बघून."

"घंटा तर चाळीस किलोची सहज," वजनकाटा मदतीला धावला.

"आणि भिंतींवर चित्रं," काउंटरबाई म्हणाल्या. "गर्दी मात्र नव्हती. लाइनीशिवाय दर्शन घ्यायचं म्हणजे कसंसंच वाटलं."

सासऱ्यांचं हसू हळूहळू मावळलं. डोळे बारीक झाले. हीच ती इमारती तपासायची नजर.

"छत?" ते म्हणाले. "मी तिथे तासभर बसलो होतो. त्या देवळाला छत नाही. भिंती नाहीत. चार खांब आहेत, त्यातला एक आडवा पडलाय, आणि घंटेच्या जागी नुसती साखळी लोंबतेय."

काउंटरबाई दोन पावलं मागे सरकून वजनकाट्याच्या आड गेल्या.

"म्हणजे तुम्ही वर गेलाच नाहीत. मग माझ्यासाठी गाडी कुणी पाठवली?"

"कुणी नाही, आजोबा," ड्रायव्हर उठून उभा राहिला. तो बिचारा खोटं बोलायलाही डोकं चालवत नसे. "तुम्ही एकटे दिसलात. पत्ता होता. मी पोचवलं."

सासऱ्यांनी जावयाकडे बघितलं. मग त्याच्या लाल झालेल्या केसांकडे, पँटच्या फाटलेल्या गुडघ्याकडे. मग वळून ड्रायव्हरला त्यांनी वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं.

"तुझं लग्न झालंय का रे?"

"हो, आजोबा."

"अरेरे!" सासरे म्हणाले, आणि लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून आत निघून गेले.