भूषणच्या डब्याचा मळ

खंडेनवमीला जयवंत परब दादरहून झेंडू आणि आपट्याची पानं घेऊन घरी आले, तेव्हा देवासमोरच्या पाटावर मरून रंगाचा रेल्वेचा डबा हार घालून, कपाळाला कुंकू लावून बसला होता. वीतभर लांबीचा तो डबा इतका चकाकत होता, की जयवंतरावांना त्यात स्वतःचा चेहरा दिसला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"सगळ्यांनी खाली आपापल्या गाड्या धुतल्या," त्यांची बायको मालन कौतुकाने म्हणाली. "आपल्याकडे गाड्या म्हणजे ह्याच, तुमच्या कपाटातल्या. त्यात हा भूषणचा डबा केवढा घाण ओ! लोकाची वस्तू अशी मळकी परत करायची? जुन्या टूथब्रशने घासला. काळं पाणी निघालं नुसतं!"

ते काळं पाणी म्हणजे जयवंतरावांची महिनाभराची मेहनत होती. रेल्वेचे छोटे डबे जमवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत नवाकोरा डबा खुपतो. खरा डबा असा असतो का? छपरावर काजळी हवी, खिडक्यांखाली ओघळ हवेत, खाली चाकांशी ब्रेकच्या लोखंडाची तपकिरी भुकटी हवी. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून जयवंतराव डोळ्याला भिंग लावून हेच करत. डबे बनवणाऱ्या एका कंपनीचा मरून कुंकवाकडे झुकतो, दुसरीचा सुकलेल्या कोकमाकडे. एकीचं वॉर्निश तूप चोपडल्यासारखं, दुसरीचं साय धरल्यासारखं. ह्या विषयावर ते आणि त्यांचा नायगावचा दोस्त बुद्धभूषण अख्खा रविवार बोलू शकत. भूषण वयाने त्यांच्या निम्मा, पण वेड तेवढंच.

आता हा डबा भूषणचा कसा? तर तो नव्हताच. सहा वर्षांपूर्वी गावच्या रवळनाथासमोर नवरा-बायकोने शपथ घेतली होती: ह्यांनी नवा डबा आणायचा नाही, तिने दातांना मशेरी लावायची नाही. मालनने मशेरीचा डबा त्याच दिवशी विहिरीपलीकडे भिरकावला होता. जयवंतरावही बरीच वर्षं टिकले. पण श्रावणात हा कोकमी मरून दिसला आणि ते ढासळले. "भूषणचा आहे, रंग ताडून बघायला आणलाय," असं सांगून त्यांनी तो घरात घेतला.

"अगं, तो मळ मुद्दाम लावलेला होता!" ते ओरडले. "महिनाभर खपून लावला होता मी!"

"तुम्ही?" मालन चमकली. "दुसऱ्याच्या डब्याला मळ लावलात?"

"म्हणजे... भूषणने. भूषणने लावला होता."

मालन मटकन खुर्चीत बसली. पोराची महिन्याची मेहनत आपण मोरीत ओतली! तिने फोन उचलला. "मी आत्ताच माफी मागते त्याची."

"नको!" जयवंतरावांनी फोन अक्षरशः हिसकावला. "रविवारी येतोच आहे तो. तोवर करू काहीतरी."

आणि मग परबांच्या घरात मळाचा शोध सुरू झाला. जयवंतरावांची खास पावडर संपलेली, नवी यायला पंधरवडा लागणार. लालबागच्या जुन्या चाळीत भिंतीवरून हात फिरवला असता तर गाडीभर काजळी मिळाली असती; पण चाळीच्या जागी टॉवर उभा राहिलेला आणि सतराव्या मजल्यावर मालनने धुळीला पाऊल ठेवू दिलेलं नव्हतं. शेवटी जयवंतरावांनी शेजारच्या पद्मजाबाईंची बेल दाबली.

"वहिनी, तुमच्या खिडकीच्या जाळीवर फार सुंदर धूळ आहे. थोडी मिळेल का?"

पद्मजाबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "माझं घर घाण आहे, असं म्हणायचंय का भावजी? आणि दुपारचा तुमच्या किचनमधून जळका वास येतो, तेव्हा मी कधी काही बोलले का?"

दार आपटलं. मालनला वाटीभर खीर घेऊन माफी मागायला जावं लागलं. जळक्या वासाचं काय, हे विचारायचं ह्या गडबडीत राहूनच गेलं.

मग जयवंतरावांनी नातवाची चॉकलेट पावडर वापरून पाहिली. रंग बरा आला, पण दुपारपर्यंत डब्याच्या दारांतून मुंग्यांची रांग आत निघाली होती.

"चला," मालन म्हणाली, "निदान प्रवासी तरी चढले."

"मस्करी सुचतेय तुला?"

"नाही ओ. रडू येतंय, म्हणून करतेय." आणि खरंच तिचे डोळे भरले होते. "पोरगा मला काकी काकी करतो. काय तोंड दाखवू त्याला?"

जयवंतरावांच्या घशाशी खरं आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

रविवारी सकाळी ते भाजी घेऊन परतले, तर डबा तयार! छपरावर मऊ काजळी. ती निरांजनावर वाटी धरून काढलेली, हे त्यांनी ओळखलं. पण चाकांशी जी तपकिरी भुकटी बसली होती, तसा रंग त्यांच्या विलायती पावडरीनेही कधी दिला नव्हता.

"मालन! हे कशाने केलंस?"

"असंच. घरातलंच. तो बघा, आला भूषण."

भूषणने चप्पल काढता काढताच डबा पाहिला आणि भिंग मागितलं. डबा उलटासुलटा करून तो चाकं न्याहाळू लागला. मालनने पदराचं टोक बोटाला गुंडाळून घट्ट केलं होतं.

"काका, एक नंबर! हा ब्राऊन कुठून आणला?" त्याने डबा नाकाशी नेला. "थांबा. हा वास... आमच्या आजीच्या तोंडाला यायचा. मशेरी आहे ही!"

जयवंतराव हळूच बायकोकडे वळले. पद्मजाबाईंना येणारा दुपारचा जळका वास तव्यावर भाजलेल्या तंबाखूचा होता तर! "मालन. रवळनाथासमोर शपथ घेतली होतीस तू."

मालनने मान खाली घातली. "सुटली नाही ओ. चिमूटभरच घेते. पण पोराचा डबा वाचवायचा म्हणून सगळीच्या सगळी काढली मी. भूषण, चुकले रे बाबा. तुझा डबा मी धुतला."

"माझा?" भूषण गोंधळला. "काकी, माझा कुठला? हा काकांनी श्रावणात घेतला ना! मीच गेलो होतो सोबत."

भूषणने भिंग हळूच टेबलावर ठेवलं आणि खिडकीबाहेर, जिथे बघण्यासारखं काही नव्हतं, तिथे बघू लागला.

मालन उठली. आत भांडी वाजली. नेहमीपेक्षा जरा मोठ्यानेच. मग ती चहा घेऊन आली. भूषणचा कप तिने त्याच्या हातात दिला, नवऱ्याचा टेबलावर आपटला आणि कपाटातल्या डब्यांवरून सावकाश नजर फिरवली.

"पुढचा डबा कधी आणणार?" तिने विचारलं.

जयवंतरावांनी दचकून वर पाहिलं. "का गं?"

"चार दिवस आधी सांगा. मशेरी भाजायला ठेवावी लागेल."