आ करा, बाप्पा!

आमच्या वरच्या मजल्यावरचे वानखडेकाका कुणाकडे गेले की नमस्कार करत नसत. चपला काढता काढता खिशातून टॉर्च काढत आणि म्हणत, "आ करा, बाप्पा!"

काका मूळचे अमरावतीचे. केंद्र सरकारच्या कचेरीत हेडक्लार्क, एकटे राहत. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं, की विचारणाऱ्याचाच घसा बघायला लागत. चंदीगडला बदलून आलेल्या आम्हा मराठी मंडळींत डॉक्टरांना तोटा नव्हता. पण टॉन्सिल ही काकांची जहागीर. लक्षणं तोंडपाठ. "गिळताना दुखते? कानात कळ येते? जबड्याखाली गाठ लागते? ताप आहे? मंग काऊन थांबले?"

मला सगळं क्रमवार लिहून ठेवायची सवय. ही लक्षणंही मी स्वयंपाकघराच्या दारामागे लावून ठेवली. यादी चोख होती. पण इतकी चोख यादी येणारा माणूस दर वेळी चुकतो कसा, हे मला कधी उमगलं नाही.

एकदा माझी लेक नंदा तापाने फणफणली. काकांनी चमचा पुढे केला.

"अंकल, चम्मच ठंडा है," ती कुरकुरली. मराठी तिला सगळं कळे, उत्तर मात्र हिंदीत.

"टॉन्सिल!" काकांनी निकाल दिला. निघाले गालगुंड.

खालचे सरदारजी एकदा गाल धरून बसले होते. "ओ जी, दाढ दुखती है!"

"दाढ बाद में. पहले आ करो." काका बराच वेळ आत बघत राहिले. "टॉन्सिल सूज गए."

"वो तो बचपन में निकलवा दिए थे, यार!"

काका ढिम्म. "जड़ रह गई होगी."

तरीही पुढच्या दुखण्याला सरदारजी पुन्हा काकांनाच हाक मारत. मीही मारत असे. का, ते सांगता येणार नाही. काका गुळण्यांसाठी मीठ-हळदीचं गरम पाणी स्वतः करून आणत, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना जिन्यातून ओरडत, "गिळलं का?"

एका वर्षी दुसरा शनिवार, रविवार आणि लगेच दसरा अशा सुट्ट्या जोडून आल्या. इथे आपटा मिळत नाही, म्हणून आम्ही कचनारची पानं सोनं म्हणून वाटतो. दरवर्षी आमच्या दारात पहिलं सोनं काकांचं. त्या दिवशी रावण जाळून लोक परतले तरी काकांचा पत्ता नाही.

"टॉर्चचे सेल संपले असतील," हे म्हणाले.

पण वर दिवा दिसत होता. मी नंदाला घेऊन वर गेले.

काकांनी दार उघडलं. गळ्याला मफलर, डोळे लाल. मी पानं पुढे केली. त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. मी चमकले, काका माझ्याहून जास्त. गळ्याला हात लावून माझ्याकडेच बघत राहिले.

"काका, आवाज कधी बसला?"

"मालूम नाही," ते कसेबसे घोगरले. "शुक्रवारी ऑफिसात होता."

"आणि नंतर?"

"नंतर सुट्ट्याच लागल्या ना. बोलाचं काम पडलं नाही."

"गिळताना दुखलं नाही?"

"मले वाटलं, भाकर कोरडी आहे."

"ताप?"

"म्हटलं, थंडी सुरू झाली."

माझ्या यादीतलं पुढचं लक्षण मला आठवेना.

नंदाने टेबलावरचा टॉर्च उचलला. "अंकल, आ करो."

काका गोंधळले. आधी नुसते ओठ उघडले, मग हसले, मग मान कुठे वळवावी ते कळेना. इतक्या जणांना आ करायला लावणाऱ्या माणसाला आपला आ कसा करायचा, ते ठाऊकच नव्हतं. शेवटी खुर्चीत बसून त्यांनी डोळे गच्च मिटले आणि तोंड उघडलं.

नंदाने वाकून टॉर्च मारला.

"अजून मोठा, बाप्पा," ती मराठीत म्हणाली.