दाऊदचाचांची दोरी

दाऊदचाचा नव्या माणसाच्या तोंडाकडे पाहत नसत, बुडाकडे पाहत. याला बसायला किती जागा लागेल, ते आधी. नाव नंतर.

रेवसच्या धक्क्याजवळ त्यांची भाताची वखार होती. भाताचा धंदा बसला. तिन्ही मुलगे एकामागून एक लाँचीत बसून मुंबईला गेले. लोक म्हणाले, वखार मिठाच्या व्यापाऱ्याला देऊन मोकळे व्हा. चाचांनी ती गरीब धंदेवाल्यांना वाटून टाकली. आत भिंत एकही नाही, जमिनीवर चुन्याच्या रेघा. एका चौकोनात रामा कल्हईवाला, एकात सखू आणि तिच्या पापडवाल्या बायका, एकात गावचं वाचनालय, म्हणजे एक कपाट आणि गुरुजी. कोपऱ्यात चाचांची खाट. भाडं म्हणजे महिन्याला आपल्या हातची एक वस्तू. गुरुजींच्या हातून काही होत नसे, ते पेपर वाचून दाखवत.

जमीन सारवली की रेघा जात. मग चाचा काथ्याची दोरी काढून नव्याने माप घेत. कुणी कुरकुर केली की म्हणत, "दोरी खोटं बोलत नाय."

त्यांना दमा होता आणि आणखी एक खोड होती. आत ठोकठोक, खडखड चालू असली की ते दुपारी घोरत. रामाचा भाता थांबला की उठून बसत आणि विचारत, "कोण गेला?" रामा म्हणे, विडी ओढतोय. मग परत आडवे.

मी त्या वखारीत गेले ती भर पावसाळ्यात. नवरा वारला होता. दिराच्या घरी शिलाईचं मशीन चालवलं की दिराचं डोकं दुखे. मशीन बंद, तर मी त्याच्या ताटावर. ते मला नको होतं. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मग मशीनकडे. म्हणाले, जागा नाय, तरी सारवण झालंय, मापून बघू. मापलं, तर दाराजवळ तीन हात जागा उरली. वखार कशी वाढली, कुणाला कळेना. सखू म्हणाली, पायगुण. पायगुणाचं कौतुक मला नवीन होतं.

दसऱ्यानंतर सारवण झालं आणि माझा चौकोन दाराबाहेर निघाला. गुरुजींनी उलगडा केला. दोरीची खुंटी गळक्या कौलाखाली होती. काथ्या भिजून आखडला, सगळ्यांचे चौकोन लहान झाले, उरलं ते मला मिळालं. आता दोरी सुकली होती.

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. सखू म्हणाली, "बाय, तुझं मशीन पडवीत ठेव. आमचे पापड काय उभ्याने लाटू?" तिचंही खरं होतं. मी मशीनवर झाकण घातलं.

चाचांनी दोरी गुंडाळून ठेवली. मग आपली खाट उचलून पडवीत नेली आणि तिच्या जागेवर माझी रेघ मारली.

मी म्हटलं, "चाचा, तुम्हाला दमा हाय. बाहेर खारा वारा."

"मशीन गंजल. खाट गंजत नाय."

त्या महिन्याचं भाडं म्हणून मी त्यांना जाड कापडाची, बाह्यांची बंडी शिवून दिली. बाह्या लांब झाल्या म्हणून त्यांनी नावं ठेवली, आणि अंगातून काढली नाही.

एका दुपारी बाजार होता, सगळे धंद्याला गेलेले. आत मी एकटी. शिवण संपलं म्हणून हात थांबवला. पडवीतली घोरघोर बंद झाली.

"कोण गेला?"

"कुणी नाय, चाचा. मी हाय."

मशीनमध्ये कापड नव्हतं, दोराही नव्हता. तरी मी चाक फिरवत बसले, रामा येईपर्यंत. तेल फुकट गेलं.