बाजू बदलून

मोतीबिंदू काकूंच्या डोळ्यात होता आणि धसका मुद्देकाकांनी घेतला होता. काकू कपडे शिवायच्या. हल्ली सुईत दोरा ओवता येईना, म्हणून त्यांना ऑपरेशन उरकून टाकायचं होतं. काका मात्र डोळ्याजवळ सुरी येऊ द्यायला तयार नव्हते. डोळा आपला नाही, हे त्यांच्या लक्षातच येत नव्हतं.

काका कॉलेजात वादविवाद शिकवून निवृत्त झालेले. मुद्देकाका हे नाव त्यातूनच पडलं. दावा, पुरावा, आक्षेप, खंडन हे शब्द त्यांच्या घरात मीठ-साखरेसारखे वापरले जात. भांडण मिटवायची पद्धतही वर्गातलीच होती. बाजू बदलायची. ज्याला जे हवं, त्याने त्याच्याच विरुद्ध बोलायचं, आणि निकाल मुलीने द्यायचा. पडद्यांचा रंगदेखील असाच ठरला होता, आणि तो दोघांनाही आवडत नव्हता.

काकूंनी तीच पद्धत सुचवली, तेव्हा काका एका पायावर तयार झाले. ऑपरेशनच्या बाजूने त्यांनाच बोलायचं होतं, म्हणजे वाईट बोललं की काम फत्ते. इतका सोपा डाव त्यांच्या हाती कधी आला नव्हता.

रविवारी सकाळी मुलगी शिलाई मशीनच्या स्टुलावर न्यायाधीश होऊन बसली. काकांनी घसा खाकरला, ऑपरेशन करावं, कारण आजकाल सगळेच करतात, असं सांगितलं आणि खाली बसले.

"बाबा, सगळे करतात हा काय पुरावा झाला?" मुलगी म्हणाली. "मी असं लिहिलं असतं तर तुम्ही कागद परत केला असता."

हे काकांच्या वर्मी लागलं. त्यांना हरायचं होतं, पण नापास व्हायचं नव्हतं. ते पुन्हा उठले आणि पुरावे मांडू लागले. मुख्याध्यापिकाबाईंच्या कोटाला हिने दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. आणि परवा खुद्द नवऱ्याला विक्रेता समजून, काही नको म्हणत दार लावून घेतलं.

"तुमचा शर्टच तसा होता," काकू म्हणाल्या.

काका आता आवरेनात. समोरच्या बाजूचे आक्षेप त्यांनी स्वतःच उभे केले आणि स्वतःच आडवे केले. ऑपरेशन लहान असतं, भूल डोळ्यापुरती असते, संध्याकाळपर्यंत माणूस घरी. शेवटी तर ते म्हणाले, की अशा बायकोला अडवणारा नवरा निव्वळ भित्रा असला पाहिजे. मुलीने टाळ्या वाजवल्या, आणि आपण काय करून बसलो ते काकांना तेव्हा उमगलं.

आता सगळी भिस्त काकूंवर होती. त्याही हरायच्याच तयारीने उभ्या राहिल्या. हाताला सवय असते, दिसलं नाही तरी शिवता येतं, असं काहीबाही त्या बोलल्या. मग जरा थांबल्या.

"आणि समजा बिघडलं काही," त्या म्हणाल्या, "आत्ता धूसर का होईना, तुमचा चेहरा दिसतो. तोही गेला तर?"

हे त्यांच्याही मनात आधी आलेलं नव्हतं. त्या उगीचच मापाची टेप गुंडाळू लागल्या. "मला नाही करायचं ऑपरेशन," त्या म्हणाल्या, आणि हे काही वादासाठी म्हटलेलं नव्हतं.

काकांना हवं होतं ते मिळालं होतं, पण स्वतःचेच पुरावे त्यांना स्वस्थ बसू देईनात. ऑपरेशन व्हायलाच हवं, हे आता त्यांनाच पुरतं पटलं होतं. आधी श्रोता ओळखा, असं ते जन्मभर वर्गाला सांगत आले. आता श्रोता पदराने डोळे पुसत होता आणि त्यांना एकही मुद्दा सुचेना.

"हे बघ," ते म्हणाले, "मी दाराशी बसतो. आत येऊ दिलं तर आत बसतो, तुझा हात धरून. मलाही भीती वाटते गं. फार वाटते."

"हा काय मुद्दा झाला?"

"नाही," काकांनी कबूल केलं.

काकूंनी मापाची टेप बाजूला ठेवली. मग मुलीला म्हणाल्या, "डॉक्टरांना फोन लाव. आणि ह्यांना आत खुर्ची मिळेल का, ते आधी विचार."