जांभळ्या फुटव्यांची सोय

माणसाच्या मनाचा मोठेपणा त्याच्या अंगणातली जागा संपल्यावरच दिसतो. आमच्या गल्लीत तो दर वर्षी हवा जरा गार झाली की दिसतो, कारण तेव्हा जांभळ्या फुलांच्या त्या झाडाचे फुटवे वेगळे करतात. (झाडाचं नाव कुणालाच माहीत नाही. भेट आलेल्या वस्तूची चौकशी करणं बरं दिसत नाही.)

पद्धत शास्त्रशुद्ध आहे. गड्डा मुळासकट उपटावा, फावड्याने तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्याला मूळ आणि कोंब राहील असं पाहावं, पानं छाटून ओल्या फडक्यात गुंडाळावं. मधला जून भाग टाकून द्यावा, असं जाणकार सांगतात. आमच्याकडे तो नव्या भाडेकरूंना देतात. जिवंत झाड कचऱ्यात टाकण्याइतकं कुणाचंच काळीज दगडाचं नसल्यामुळे उरलेले तुकडे शेजारी पोचवावे लागतात. आजमितीस गल्लीतल्या शंभर टक्के घरांत हे झाड आहे. त्यांपैकी एकाही घराने ते मागितलेलं नव्हतं.

या कामात सुसूत्रता यावी म्हणून फुटवे पुनर्वसन समिती स्थापन झाली. मी तिचा चिटणीस. समितीचा नियम एकच: झाडाची माहिती जो शेवटपर्यंत ऐकून घेतो, त्याला बागेची आवड आहे असं समजून त्याच्या दारात पिशवी ठेवावी. नको म्हणायचं असेल, तर माहिती संपण्याआधी म्हणावं. नंतरची हरकत विचारात घेतली जात नाही.

शिवणकाम करणाऱ्या काकू या नियमात अलगद सापडल्या. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे त्यांना मध्येच नाही म्हणता आलं नाही. त्यांच्या दारापुढे खुर्चीपुरती मोकळी जमीन होती. दिवसभर मशीनवर वाकल्यावर त्या तिथे पाठ शेकत बसायच्या. पहिल्या वर्षी खुर्चीचे पुढचे पाय झाडात गेले, दुसऱ्या वर्षी मागचे. (समितीच्या अहवालात याची नोंद 'समाधानकारक वाढ' अशी आहे.)

परवा काकू तणतणत माझ्याकडे आल्या.

"अहो चिटणीस, तुमचं झाड घेऊन जा. मला उन्हात बसायचंय, बस!"

"आनंदाने नेलं असतं हो, काकू. पण माझंच बेसिनखाली ठेवलंय."

"मग मी बसू कुठे? तुमच्या डोक्यावर?"

मला मनापासून वाईट वाटलं. माझ्या सगळ्या पँटी कमरेत ढिल्या करून देणारी बाई ती. समितीची तातडीची बैठक झाली. गल्ली तर भरलेली. तेव्हा बाहेरचा एखादा होतकरू बागप्रेमी शोधावा असं ठरलं. दारोदार फिरण्यापेक्षा माहिती सरळ लिहून काढा, ही सूचना काकूंचीच.

ती माहिती इथे संपली. तुम्ही शेवटपर्यंत वाचलीत, एकदाही नको म्हणाला नाहीत. पिशवी तुमच्या दाराशी ठेवली आहे. फडकं वाळायच्या आत लावून टाका. परत मात्र आणू नका. काकू आत्ताच कुठे खुर्चीत टेकल्या आहेत.