समुद्रातल्या विहिरीची ओटी

नागपुरात बेसा रोडवरच्या आमच्या इमारतीत गुणवंत भोयर राहायला आले, त्याच आठवड्यात भिंतीपलीकडून आवाज यायला लागला. "काहून वं, आज इतकी तापून राहिली? काल तर मस्त होती. थांब, तुले जरा मोकळं करतो."

भोयर चाळिशी ओलांडलेले, बिनलग्नाचे. मी भिंतीला कान लावला हे सांगायला मला लाज वाटत नाही. भिंत पातळ होती आणि टीव्हीवरची मालिका रटाळ. पण दुसऱ्या दिवशी "आता वय झालं वं तुझं, सिमेंट भरावं लागते तुह्यात" हे ऐकलं, तेव्हा मात्र आमच्या ह्यांना पुढे घालून मी त्यांची बेल वाजवली.

आत बाई नव्हती. टेबलावर मोठे पडदे होते, त्यांवर हिरवट पाणी आणि पाण्यात एक गंजका पाइप.

"ही सातवी," भोयर म्हणाले. "तेलाची विहीर. मुंबईच्या पुढं, समुद्रात."

समुद्राच्या तळाशी तेलाच्या विहिरी असतात, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांची साफसफाई करायची, झडपा तपासायच्या आणि तेल संपलं की सिमेंटचं बूच मारून कायमचं बंद करायचं, ही कामं पूर्वी माणसं तिथे जाऊन करायची. आता यंत्रं करतात. यंत्रांनी काय करायचं आणि कुठे थांबायचं, हे गुणवंतभाऊ आमच्या शेजारच्या बेडरूममध्ये चौकडीची लुंगी नेसून कॉम्प्युटरवर लिहीत असतात. समुद्र त्यांनी पाहिलेला नाही. "अंबाझरी तलाव पाहिला आहे ना," म्हणतात. "तसाच, फक्त पलीकडचा काठ दिसत नाही."

त्यांच्या लेखी विहिरी सगळ्या बायका आणि यंत्र म्हणजे गडी. तिसरी भांडखोर, पाचवी आतल्या गाठीची. गडी कामाचा, पण त्याला सगळं दोनदा सांगावं लागतं. रिकाम्या वेळात त्यांनी आमच्या पाण्याच्या टाकीची मोटरही आपोआप चालती केली. तेव्हापासून रोज सगळ्यांच्या मोबाइलवर निरोप येतो, "टाकी भरली. जेवले काय?" आमचे चौकीदार पांडेजी त्याला न चुकता उत्तर देतात. भाजी कोणती होती तेही कळवतात.

एका सकाळी गुणवंतभाऊ दारात उभे. "वहिनी, ओटीचं सामान काय काय लागते?"

मला वाटलं, जमलं कुठेतरी. मी उत्साहाने नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी अशी सुरुवात केली. "मुलगी कुठली?"

"सातवी," ते म्हणाले. "शुक्रवारी बंद होऊन राहिली. तुम्ही भराल काय ओटी? मायही येणार आहे उमरेडहून."

हसू दाबत मी हो म्हटलं. पण त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडे फोनच्या स्पीकरवर त्यांचे मुंबईचे साहेब तापलेले ऐकू आले. शेवटचं बूच मारण्याआधी यंत्र थांबतं आणि माणसाला विचारतं. सगळ्या तपासण्या यंत्रच करतं, मग हे थांबणं कशाला घातलं?

"सर, एक बार पूछ लेना चाहिए."

"किसको?"

यावर गुणवंतभाऊ सिमेंटचा हिशेब सांगू लागले. साहेबांनी निकाल दिला. या खेपेला राहू दे, पुढच्या विहिरीपासून ते थांबणं काढून टाक. त्यानंतर भिंतीपलीकडे कोणी कोणाशी बोललं नाही. मला करमेना.

शुक्रवारी त्यांच्या आई बसने आल्या. मी त्यांना मावशी म्हणू लागले. हातात स्वतःचा नारळ, कारण नागपूरच्या नारळावर त्यांचा भरवसा नव्हता. पडद्याजवळ जाऊन त्यांनी विचारलं, "तोंड कोणतं हिचं?" लेकाने दाखवलं. आम्ही हिरवा ब्लाऊज पीस मांडला, हळदकुंकू लावलं. थोडे तांदूळ कीबोर्डात गेले.

मग पडद्यावर प्रश्न आला, "विहीर बंद करायची?"

गुणवंतभाऊंनी हात मागे घेतला. "माय, तू सांग."

"मले इचारून राहिला?"

"तुलेच."

मावशी पदर सावरून बसल्या. बोलल्या त्या माझ्याशी. "आमचं वावर कोळशाच्या खाणीत गेलं. वावराचं काही नाही, पैसे भेटले. पण विहीर होती. बुजवायच्या आधी तिची ओटी भरावं म्हणून मी ताट आणाले घरी गेली, परत येऊन पाहते त बुजवून टाकलेली. कोणी थांबलं नाही. हा तवा कॉलेजात होता."

गुणवंतभाऊ कीबोर्डातले तांदूळ वेचत होते. त्या एका प्रश्नासाठी हा माणूस साहेबांशी भांडला होता आणि कारण सांगायला लाजला होता. मीही तांदूळ वेचायला लागले.

फोनवरून साहेबांचा आवाज आला, "भोयर, सब ठीक?"

"दो मिनट, सर. पूछ रहे हैं."

मावशींनी पडद्याला हात जोडले. "लय दिलं वं बाई तू. आता नीज." मग लेकाला म्हणाल्या, "कर."

त्यांनी बटण दाबलं. पाइपात सिमेंट उतरायला लागलं, आणि आम्ही तिघं नुसते बघत बसलो.

"आपल्या विहिरीचं पाणी लय गोड होतं," मावशी म्हणाल्या. "हिचं कसं होतं रे?"

"गोडच होतं, माय," गुणवंतभाऊ म्हणाले.